रॉकमध्ये ब्लूज नेमका कुठे असतो?

प्रश्न थोडक्यात असा: ब्लूजची बारा बारांची चाल (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) पाठ आहे, ए मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचे गिटारवरचे पाचही बॉक्स, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या जागा, येतात, तरी ‘क्रॉसरोड्स’सारखं गाणं वाजवलं की सगळे सूर बरोबर असूनही सपाट वाटतं. मग रॉकवर ब्लूजचा प्रभाव म्हणतात, तो असतो कुठे?

बहुतेक जण तो बारा बारांत शोधतात, आणि तिथे तो सगळ्यात कमी असतो. बारा बारांचा साचा उचलायला सोपा, म्हणून रॉकने तो आधी उचलला आणि पुढे बऱ्याच बँडनी सोडूनही दिला. हा साचा नसलेली कितीतरी गाणी ऐकताक्षणी ब्लूजची वाटतात, आणि तो तंतोतंत पाळणारी काही गाणी निव्वळ कवायत वाटतात. माझं म्हणणं असं, की ब्लूजमध्ये जे जे वेडंवाकडं होतं ते तीन-चार जणांना मोठ्या आवाजात एकत्र वाजवता यावं म्हणून रॉकने सरळ केलं. दोन-तीन गोष्टी मात्र सरळ होईनात. तुमच्या वाजवण्यात त्या आहेत का, एवढंच तपासायचं.

‘क्रॉसरोड्स’च घेऊ. रॉबर्ट जॉन्सनने ‘क्रॉस रोड ब्लूज’ नोव्हेंबर १९३६मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत ध्वनिमुद्रित केलं. एकटा माणूस, एक गिटार, बोटात स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवायची नळी. मोजत ऐकलंत तर कळेल, की एकही कडवं बारा बारांत नीट बसत नाही. ती चौदा-पंधरा बारांपर्यंत जातात, आणि सगळ्या कडव्यांची लांबी सारखीही नाही. ओळ म्हणून झाली की गिटारला जेवढं बोलायचंय तेवढं तो बोलू देतो आणि मगच पुढच्या ओळीला हात घालतो. चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या कॉर्ड तो पूर्ण वाजवतही नाही, त्यांची नुसती चाहूल देतो. हे त्याला जमतं, कारण त्याच्यासोबत कोणी नाही.

क्रीम या ब्रिटिश बँडने हेच गाणं १० मार्च १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये वाजवलं. ते त्याच वर्षी ‘व्हील्स ऑफ फायर’वर आलं. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर असे तिघे जण असल्यामुळे कधी वळायचं हे आधी ठरवणं भाग होतं. कडवी बरोबर बारा बारांची झाली. जॉन्सनचा हेलकावा जाऊन त्याजागी सरळ आठव्या मात्रांची (ठोक्याचे दोन समान भाग) रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, आली, आणि ती बास व गिटार मिळून वाजवतात. वेग मिनिटाला सुमारे १३० ठोके, पट्टी ए. रोझडेल गावाचं कडवं तर मूळ गाण्यात नाहीच. ते जॉन्सनच्याच १९३७च्या ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधून आणून इथे बसवलंय. म्हणजे लय, लांबी, कॉर्ड, काही शब्दही बदलले. तरी ऐकणारा म्हणतो, हा ब्लूज आहे. का?

पहिलं कारण गंधार. ए पट्टीत कोमल गंधार म्हणजे सी आणि शुद्ध गंधार म्हणजे सी शार्प. ब्लूज गाणारा ए कॉर्डवर या दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबतो, किंवा कोमलवरून शुद्धाकडे सरकत सरकत मधेच सोडून देतो. पियानोवर ही जागाच नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून आभास निर्माण करतात. गिटारवर मात्र ती जागा आहे. पाचव्या फ्रेटच्या बॉक्समध्ये तिसऱ्या तारेवरचा पाचवा फ्रेट म्हणजे सी. तर्जनीने ती तार जमिनीकडे किंचित ओढा. सूर अर्ध्या सुराच्याही निम्माच चढला पाहिजे. पूर्ण सी शार्पला पोचलात तर गोड वाटेल, अजिबात ओढलं नाहीत तर सपाट वाटेल. तुमची तक्रार नव्वद टक्के इथलीच असावी.

पुस्तकांत सहसा न सापडणारी मेख पुढे आहे. हा ओढलेला गंधार ए सेव्हनवर (कोमल निषाद जोडलेली ए मेजर कॉर्ड) चालतो, कारण त्या कॉर्डमध्ये सी शार्प आहे आणि तुमचा सूर त्याला घासतो. पाचव्या बारला डी सेव्हन आली की सी हा त्या कॉर्डचा स्वतःचा सूर होतो, तिचा कोमल निषाद. तिथे तो सरळ, न ओढता वाजवायचा. त्या जागी सवयीने सी शार्पकडे ओढलंत तर बेसूर वाटेल, आणि ‘स्केलमधलाच तर सूर आहे’ म्हणून चूक कुठे झाली ते कळणारही नाही. म्हणजे तोच फ्रेट, तेच बोट, पण कॉर्ड बदलली की वागणूक बदलते. क्लॅप्टनचे ‘क्रॉसरोड्स’मधले दोन्ही सोलो याच नजरेने ऐका. तो ए मायनर पेंटाटॉनिक आणि ए मेजर पेंटाटॉनिक यांच्यात सतत ये-जा करतो.

संगीत शिकलेल्या वाचकांसाठी एक जोडवाट. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, अर्थात धानीचे सूर. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूपाचे सूर. तुमच्या कानात हे दोन्ही असतील तर अर्धं काम झालंय, आणि बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, काय असतं हे मींड ऐकलेल्याला समजवावं लागत नाही. फक्त धानीचं चलन आणू नका. ब्लूजमध्ये खाली मेजर कॉर्ड आणि वर मायनर सूर असा विसंवाद मुद्दाम ठेवलेला असतो, आणि सगळी गंमत त्या घर्षणात आहे. ‘ब्लूज म्हणजे दुःखी, म्हणून मायनर कॉर्ड’ हा गैरसमजही त्यासोबत जाऊ द्या. बहुतेक ब्लूज मेजर कॉर्डवर, त्यातही सेव्हन्थ कॉर्डवर चालतो. युरोपीय शिस्तीत सेव्हन्थ कॉर्ड पुढे कुठेतरी जायला आतुर असते. ब्लूजमध्ये तीच घर असते, गाणं तिच्यावर संपतंसुद्धा.

जिमी हेंड्रिक्सने हे भांडण एकाच कॉर्डमध्ये कोंबलं. ‘पर्पल हेझ’ची ती प्रसिद्ध कॉर्ड: पाचव्या तारेवर ७वा फ्रेट, चौथीवर ६वा, तिसरीवर ७वा, दुसरीवर ८वा. सूर होतात ई, जी शार्प, डी आणि जी. जी शार्प हा शुद्ध गंधार, वरचा जी हा कोमल. दोन्ही एकदम वाजतात. त्याला जाझमधली शार्प नाइन म्हणतात हे खरं, पण कानाला ऐकू येतो तो ब्लूज गाणाऱ्याचा डळमळता गंधार.

आता अॅम्प्लिफायरकडे वळू, कारण गंधार वाचला तो त्याच्या कृपेने. अॅम्प फाटेपर्यंत वाढवला की कॉर्डमधला गंधार चिखल करतो. विकृतीमुळे दर दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत ते मूळ सुरांशी जुळतात, गंधार आला की जुळत नाहीत. म्हणून रॉकवाल्यांनी कॉर्डमधून गंधार काढून टाकला आणि नुसता षड्ज-पंचम ठेवला. हीच पॉवर कॉर्ड. त्याचा परिणाम मात्र मजेशीर झाला. खाली गंधारच नाही म्हटल्यावर वर गाणारा आणि सोलो वाजवणारा कोमल, शुद्ध किंवा मधला, हवा तो गंधार लावायला मोकळा झाला. तेव्हा गेन (अॅम्पमधली विकृती वाढवणारं बटण) वाढवून पूर्ण सेव्हन्थ कॉर्ड वाजवत असाल आणि सगळं गढूळ वाटत असेल, तर एक तर गेन निम्म्यावर आणा किंवा दोनच तारा वाजवा.

हा फाटका आवाजही ब्लूजच्याच घरचा. १९५१च्या ‘रॉकेट ८८’मध्ये गिटारचा अॅम्प बिघडलेला होता आणि स्पीकरच्या शंकूत कागद कोंबून काम भागवलेलं, त्यातून तो गुरगुरता आवाज आला. १९६६मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सच्या रेकॉर्डवर क्लॅप्टनने लेस पॉल गिटार मार्शल अॅम्पला जोडून मोठ्या आवाजात वाजवली, आणि पुढच्या पिढीचा आवाज ठरून गेला. सूर लांबू लागला की गिटार गाऊ लागते. एकट्या सुराला मानवी कंठासारखं ताणून धरणं, बी. बी. किंगसारखं हलवणं, हे साध्या आवाजात दोन सेकंदांत विरून जायचं.

बेंडचं व्यवहारी अंग सांगतो. जुन्या संचांत तिसरी तार गुंडाळलेली असायची, ती पूर्ण स्वर ओढता येत नाही. म्हणून वादक पहिल्या जागी बँजोची बारीक तार लावून बाकीच्या एकेक घर खाली सरकवायचे. आता तो खटाटोप नको. ००९ किंवा ०१०चा संच घ्या (हा आकडा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), तिसरी तार साधी आहे ना ते बघा. तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट म्हणजे डी, तो पूर्ण स्वर ओढला की ई. आधी नवव्या फ्रेटवर ई वाजवून ऐका, मग सातव्यावरून ओढून तिथे पोचा. अनामिकेने ओढा, मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवा, आणि बोटांनी न ढकलता मनगट फिरवा. बेंड कमी पडणं ही सर्वांत कॉमन चूक. ‘थोडा कमी पडला तर ब्लूजी वाटतो’ ही पळवाट आहे. अधला-मधला सूर गंधाराला शोभतो, पंचमाला नाही. पंचम गाठायचा तर पूर्ण गाठा.

अल्बर्ट किंगची गोष्ट जरा वेगळी. तो डावखुरा, गिटार उलटी धरायचा आणि तारा न बदलता वाजवायचा. त्यामुळे पातळ तारा वर आल्या आणि बेंड ढकलण्याऐवजी खाली ओढले गेले. हाताचं सगळं वजन मागे असल्यामुळे एकाच फ्रेटवरून तो दोन-दोन, तीन-तीन टप्पे चढायचा. १९६७मध्ये क्रीमच्या ‘स्ट्रेंज ब्रू’मधला सोलो ऐकलात की त्याची छाप लगेच कळेल.

दुसरी सरळ न झालेली गोष्ट म्हणजे सवाल-जवाब. ब्लूजच्या बारा बारांत तीन ओळी असतात: एक ओळ, तीच पुन्हा, मग तिचा निकाल लावणारी तिसरी. प्रत्येकीच्या वाट्याला चार बार, पण शब्द सव्वादोन-अडीच बारांतच संपतात. उरलेली जागा वाद्याची. पोवाड्यात शाहिराची ओळ संपताच झीलकरी उचलतात, साधारण तसं. कॉर्ड पाठ झालेले लोक नेमकी हीच जागा ठोकत ठोकत भरून टाकतात. तसं करू नका. गाताना गिटार जवळजवळ बंद ठेवा आणि ओळ संपल्यावर बोला.

रॉकमध्ये हा जवाब जाड होऊन रिफ झाला. मडी वॉटर्सचं १९५४चं ‘हूची कूची मॅन’ ऐका. अख्खा बँड पाच सुरांचा एक ठोसा मारून गप्प होतो, त्या शांततेत तो एक वाक्य बोलतो, पुन्हा ठोसा. पहिल्या चार बारांचे आठ केल्याने ते गाणं सोळा बारांचं झालं. याचीच तिसरी पिढी म्हणजे लेड झेपलिनचं १९७१चं ‘ब्लॅक डॉग’. रॉबर्ट प्लांट एकटा, वाद्यांविना गातो, मग सगळे मिळून वेडीवाकडी रिफ वाजवतात. तिथे बारा बार नाहीत, तरी सांगाडा शंभर टक्के ब्लूजचा.

साचा आणि रिफ यांचं सगळ्यात देखणं लग्न बघायचं तर क्रीमचं ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’, १९६७. पट्टी डी. रिफमध्ये डी, सी, ए, जी शार्प, जी, एफ एवढेच सूर. आपल्या भाषेत सा, कोमल नि, प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग. पंचमावरून मध्यमावर उतरताना मधला तीव्र मध्यम हीच ती ‘ब्लू नोट’. तो सूर धक्क्याने जाताजाता लागतो, त्यावर थांबायचं नसतं. थांबलात की भीतिपटाचं पार्श्वसंगीत होतं. आता बार मोजा. आठ बार डीवर, चार बार तीच रिफ उचलून जीवर, चार पुन्हा डीवर, आणि शेवटचे आठ ए, सी, जी या कॉर्डभोवती. एकूण चोवीस, म्हणजे बारा बारांचा साचा दुप्पट ताणलेला. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफसुद्धा जीच्या ब्लूज स्केलमधलीच आहे: जी, बी फ्लॅट, सी आणि जाताजाता डी फ्लॅट. फक्त ती षड्ज-मध्यमाइतक्या अंतराच्या सुरांच्या जोड्यांत वाजते. ती दोन बोटांनी दोन तारा एकदम छेडून वाजवायची. शिकाऊ मुलं पॉवर कॉर्डने वाजवतात, म्हणून रेकॉर्डसारखी वाटत नाही.

लयीबद्दल थोडं. शफल म्हणजे ठोक्याचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवणं. ठोका ६०वर लावा, तोंडाने ‘एक-दो-तीन’ म्हणा आणि ‘दो’ गिळा. जमलं की उघड्या पाचव्या तारेसोबत चौथीचा दुसरा फ्रेट आणि चौथा फ्रेट आलटूनपालटून, दोन-दोनदा छेडत. हा बुगी-वुगी पियानोच्या डाव्या हाताचा गिटारवरचा अवतार. चक बेरीने १९५८च्या ‘जॉनी बी. गुड’मध्ये हीच गोष्ट सरळ आठव्या मात्रांत केली, आणि ड्रम्स मात्र अजून थोडे झुलत आहेत. दोघांच्या मधल्या त्या फटीत सुरुवातीच्या रॉक अँड रोलची सगळी ऊर्जा आहे. पुढे ड्रम्सही सरळ झाले आणि ती फट बुजली. वेग वाढवाल तसा झोका आपोआप कमी होतो, तो बळजबरीने २:१ ठेवायला गेलात तर लंगडल्यासारखं वाटेल. आणि हो, ‘जॉनी बी. गुड’ची ती सुरुवात. लुई जॉर्डनच्या १९४६च्या ‘एंट दॅट जस्ट लाइक अ वूमन’मध्ये कार्ल होगनने वाजवलेला तुकडा ऐका. वेगळं सांगायची गरज नाही.

स्लाइडच्या वाटेने जायचं असेल तर गिटार दुसरी ठेवा. तारा जाड, ०१२च्या आसपास, आणि फ्रेटपासून जरा उंच. ओपन डीसाठी सहावी तार ईवरून डी, तिसरी जीवरून एफ शार्प, दुसरी बीवरून ए, पहिली ईवरून डी. पाचवी-चौथी तशाच. एल्मोर जेम्सच्या १९५१च्या ‘डस्ट माय ब्रूम’ची सुरुवात बाराव्या फ्रेटवर याच मेळात. काच फ्रेटच्या तारेच्या बरोबर डोक्यावर ठेवायची, बोटासारखी मागे नाही. मागे ठेवलीत तर सूर कायम उतरलेला. काचेच्या मागे एक बोट हलकेच टेकवा, नाहीतर मागचा भाग किणकिणत राहतो. ओपन जीसाठी सहावी डी, पाचवी जी, पहिली डी. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स सहावी तार काढूनच टाकतो आणि पाच तारांवर ‘ब्राउन शुगर’सारख्या रिफ वाजवतो. मिसिसिपी डेल्टातल्या जुन्या ब्लूजवाल्यांच्या मेळाचा हा सगळ्यात फायदेशीर पुनर्वापर म्हणावा लागेल.

काही वेळा रॉकने ब्लूजमधून एक कल्पना घेतली आणि बाकी सगळं बदललं. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं गाणं १९२७च्या मिसिसिपीच्या महापुराबद्दल आहे. दोन गिटार, हलकी ठुमकती लय, मॅकॉयचा आवाज. लेड झेपलिनने १९७१मध्ये शब्दांचा काही भाग ठेवला आणि पूर खरोखर येतोय असा आवाज तयार केला. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात ड्रम्स, जिन्याच्या वरच्या टप्प्यावर दोन मायक्रोफोन, त्यात एको, आणि मग टेप सावकाश फिरवलेली. कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. जॉन ली हूकर किंवा हाउलिंग वुल्फ यांच्या एका कॉर्डच्या ब्लूजशी याचं नातं सरळ आहे, आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ते कंटाळवाणं वाटणार नाही. या गाण्याच्या श्रेयात मेम्फिस मिनीचं नाव आहे.

सगळीकडे नव्हतं. लेड झेपलिनच्याच ‘होल लॉटा लव्ह’चे शब्द विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’शी इतके जुळतात, की डिक्सनने १९८५मध्ये दावा लावला. दोन वर्षांनी तडजोड झाली आणि पुढे त्याचं नाव लागलं. ‘द लेमन साँग’चीही तीच कथा, तिथे हाउलिंग वुल्फचं ‘किलिंग फ्लोर’ होतं. ‘ब्लूजमध्ये सगळेच एकमेकांचं उचलायचे’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. जॉन्सननेही आधीच्यांच्या ओळी वापरल्या, पण तेव्हा त्या ओळींवर लाखोंची रॉयल्टी लागलेली नव्हती. रोलिंग स्टोन्सने तुलनेने सरळ व्यवहार ठेवला. बँडचं नावच मडी वॉटर्सच्या १९५०च्या गाण्यावरून घेतलं, आणि डिक्सनचं ‘लिटल रेड रूस्टर’ त्याच्याच नावाने १९६४च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तेही संथ, स्लाइडसकट, एक कोपरा न घासता. पॉपच्या यादीत इतका कच्चा ब्लूज वर गेल्याचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

आता सराव. ए सेव्हनवर दोन मिनिटांचा नुसता ठेका लूपवर लावा आणि तीनच सूर वापरा: सा, ओढलेला गंधार, कोमल निषाद. दोन बार वाजवा, दोन बार गप्प. आठवडाभर एवढंच. पुढच्या आठवड्यात बारा बार घ्या आणि फक्त पाचव्या, सहाव्या आणि दहाव्या बारला, म्हणजे जिथे डी सेव्हन असेल तिथे, गंधार न ओढता ठेवा. मग जॉन्सनचं मूळ आणि क्रीमचं विंटरलँड पाठोपाठ ऐकून रिफला हात घाला. रिफवर गेन कमी, उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकलेला, आणि बासवाल्याशी एकेक सूर जुळलेला हवा. बासवाला नसेल तर रेकॉर्डमधल्या जॅक ब्रूसशी जुळवा. तो शेवटी शेवटी रिफ सोडून भलतीकडेच जातो, तिथे त्याच्यामागे जाऊ नका.